तुमची वाव

अब्बा, इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ करा. तुम्ही गावाहून कॅसेट भरून पाठवायचात, मीही बोलूनच उत्तर द्यायचो. लिहायची सवय चौथीत शाळेबरोबरच सुटली. आता माझ्या नातीने तुमचा आवाज कंप्युटरवर चढवलाय. शारजाच्या या स्वयंपाकघरात ती तो लावते आणि फ्रीजच्या घरघरीतून आपली खाडी आत येते. तुम्ही खाकरता, खुशाली सांगता, मग दर वेळेसारखं: "कावळ्याच्या खडकापाशी यंदा साडेतीन वाव पाणी." तेव्हा इथे रोल्ला भागातल्या आमच्या सामाईक खोलीत सगळे हसायचे, याच्या बापाकडे खबर फक्त पाण्याची.

नात समुद्राचं शिकते. खाडी किती गाळाने भरली ते तिला तुमच्या मापांवरून काढायचंय. खडक कुठला, तिने विचारलं. मी नकाशावर बोट ठेवलं. भरती की ओहोटी? पुरी ओहोटी, मी सांगितलं, अब्बा दुसऱ्या वेळी मापाची दोरी सोडतच नसत. सगळं ती मापांशेजारी लिहून ठेवते. म्हणते, उद्या कुणी अनोळखी माणसाने उघडलं तरी त्याला कळलं पाहिजे. मग म्हणाली, "ओके दादा, बट वाव म्हणजे किती?"

मी हात पसरले. शिसं बांधलेली दोरी तुम्ही अशीच मोजायचात, छातीवरून, या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत. ती टेप आणते तोवर माझा मुलगा दुबईच्या ट्रॅफिकमधून घरी पोचला. "काय बाबा, उडायची तयारी? यल्ला, चला!" नात हसली नाही. "दादा, तुमचे नकोत. त्यांचे हात केवढे होते?"

मी तुमच्याहून बुटका. "मोठे होते," म्हटलं.

"मोठे म्हणजे किती? अंदाज लिहिला तर अंदाज आहे असंच लिहावं लागेल, नाहीतर पुढच्याला फसवल्यासारखं. आणि गाळ साचला असेल फार तर हातभर. अंदाजच हातभर चुकला तर उरलं काय?"

म्हणजे तुमची मापं बाजूला पडणार, अब्बा, सगळी. तेव्हापासून मला जेवण जात नाही. तुमचा एखादा सदरा तरी असेल, त्यावरून हात मोजता येतील म्हणून गावी फोन केले. खलास, काही उरलेलं नाही.

काल दुपारी डोळा लागला तर तुम्ही होडीत उभे, दोरी पायाशी, दोन्ही हात पसरलेले. पाणी इतकं शांत की हात त्यातही दिसत होते. टेप माझ्या खिशात होती. मी ती काढलीच नाही, मिठीत शिरलो. नातीला हे सांगितलेलं नाही. 'वाव म्हणजे किती' याच्यापुढची जागा तिने अजून रिकामी ठेवलीय. हे पत्र कुठे टाकू? उशीखाली ठेवतो. हातांची लांबी कळवा, अब्बा. लवकर कळवा.