घंटा वाजल्यावरचं वाक्य

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. तुझ्या टँकरची काच फुटली, भुवईवर सहा टाके पडले आणि काच फोडणारी पोरं माझंच वाक्य ओरडत होती, हे काल स्वातीवहिनीने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. बिचारी किती दिवस गप्प बसेल?

ते वाक्य मी बोलले त्या दिवशी नेमकं काय झालं ते तू माझ्या तोंडून ऐकलेलंच नाहीस. नवघरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पालिकेच्या निवडणुकीतल्या आम्हा तीन उमेदवारांची चर्चा होती. यूट्यूबवाले आले होते. एका उत्तराला पंचेचाळीस सेकंद, मग घंटा. आणि मला तर चहा हवा का विचारलं तरी प्रस्तावना लागते. वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं त्याची ही सवय. पिंकी नावाच्या एका बाईंनी विचारलं, घर घर पाइपलाइन आ गई तो टँकरवालों का क्या होगा? माझ्या डोळ्यांपुढे तूच आलास, वरसाव्याहून दिवसाला पाच फेऱ्या मारणारा. मी म्हटलं, आपल्याला नळ मिळाला नाही म्हणून ही माणसं आली. नळ आल्यावर त्यांना हाकलायचं का? पालिकेने त्यांना आधी कामावर घ्यावं, पाणी सोडणारे-बंद करणारे चावीवाले म्हणून घ्यावं, भागातली पाण्याची वेळ त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक आहे? एवढ्यात घंटा वाजली. घाईघाईत शेवटचं त्या बाईंच्या हिंदीत बोलले, "टँकरवालों को मैं देख लूँगी." आईचं औषध असो, अण्णांची पेन्शन असो, आपल्या घरात 'मी बघते' म्हटलं की त्या माणसाची काळजी मिटली. तेच मनात होतं. हिंदीत त्याची धमकी झाली, हे टाळ्या पडल्यावर कळलं.

पक्षाचं मोबाइलवरचं काम बघणाऱ्या निकेतने तेवढेच चार सेकंद कापून यूट्यूबवर टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन लाख लोकांनी पाहिले. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. वर्गात माझ्या एका वाक्यावर कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. भाजीवालासुद्धा "आओ, देख लूँगी मॅडम" म्हणत मेथीची एक जुडी वर टाकायला लागला. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मेथी घेऊन घरी आले.

पुढे बोलले ते म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. पूर्ण उत्तर टाकायला लावलं, तर ते एकशे चाळीस वेळा पाहिलं गेलं, त्यातलं दहा वेळा मीच. घोडबंदरच्या सभेत खुलासा करायला उभी राहिले, तर लोकांनीच बोलू दिलं नाही. समोरून "देख लूँगी, देख लूँगी" सुरू, आणि मी माइक हातात धरून हसत उभी. निकेत म्हणतो, ताई, ते वाक्य आता पक्षाचंय, तुमचं नाही राहिलं. अर्ज मागे घ्यायची मुदतही गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खाली उतरलं की नाक्यानाक्यावर माझाच फोटो आणि त्याखाली ते वाक्य. मला माझी लाज वाटते, दादा.

आज मी स्वतः चौकीत गेले होते. हवालदार म्हणाले, मॅडम, एका वाक्यात सांगा. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी सुभाष नावाच्या जखमी ड्रायव्हरचा, म्हणजे तुझाच, जबाब माझ्यापुढे ठेवला: पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला. अनूचं मतदान होऊ दे, तोवर तोंड उघडायचं नाही, असं तू ठरवलंयस, वहिनी सांगत होती. तू मला वाचवतोयस, आणि त्यामुळेच माझी सुटका होत नाहीये. ती पोरं उद्या आणखी कुणाची काच फोडतील आणि त्यालाही वाटेल, हे मीच सांगितलं. म्हणून लिहितेय, पत्र आजच वहिनीच्या हाती देईन. उद्या सकाळी दहाला मी चौकीच्या दारात उभी असेन. ये, आणि खरं काय ते सांग. त्यांनी कितीही घाई केली तरी मध्ये थांबू नकोस. पोरांची नावं माहीत नसली तरी चालेल. तक्रारीत पहिलं नाव माझं लिही.

तुझीच धाकटी,
अनू