मेंढीच्या पाठीवरचा हात

प्रिय तम्मा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी हसशील आणि मग जरा घाबरशील. हातात फोन असताना आक्कानं पत्र का लिहावं, असं तुला वाटणारच. पण फोनवर तू दोन मिनिटं माझी थट्टा करतोस आणि फोन अव्वाच्या हातात देतोस. या वेळी मला कुणी मध्येच तोडायला नको आहे. आज सुट्टी आहे. सोलापुरातल्या माझ्या खोलीच्या खिडकीत बसले आहे. दुपारचं ऊन कागदावर पडलंय, खाली कुणाच्या तरी गच्चीवर चादरी वाळत घातल्यात. सगळं सावकाश सांगते, तूही सावकाश वाच.

गेल्या शनिवारी मी नातेपुत्याला गेले होते, डोंगरात सायकल चालवायला. अव्वाला म्हटलं होतं, मैत्रिणीच्या शेतात हुरडा खायला चाललेय. तेही खोटं नव्हतं. पिंकी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मी संगणकावर किनारीची नक्षी काढते, ती रंग ठरवते. तिचं माहेर नातेपुत्याचं. तिसरा इंद्रजीत. त्याचं सात रस्त्याजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यानंच आम्हा दोघींना दोन वर्षांपूर्वी हा नाद लावला. जाड टायरच्या तीन सायकली त्याच्या पिकअपमध्ये आडव्या टाकून आम्ही पहाटेच निघालो. पंढरपूर मागं पडलं, ऊस लागला, कालवा लागला आणि दहाच्या सुमाराला पिंकीच्या आईनं आमच्यापुढं भाकरी, पिठलं नि ताज्या लोण्याचा गोळा ठेवला.

तुला आठवतं, मैंदर्गीत अप्पांच्या उंच सायकलवर मी तुला शिकवलं होतं? तुझे पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून तू तिरका तिरका चालवायचास. मी कॅरिअर धरून पळायचे आणि तू कन्नडमध्ये ओरडायचास, "बिडबेड आक्का!" सोडू नकोस म्हणून. मी कधीच सोडलं होतं, तरी तू ओरडत होतास. आपल्याकडं सगळं सपाट. काळं रान आणि त्याच्यावर टेकलेलं आभाळ. डोंगर म्हणजे काय ते मला तिशी उलटल्यावर कळलं. शंभू महादेवाच्या त्या रांगांमध्ये हिवाळ्यात गवत पिवळं पडतं, अगदी कोवळ्या उन्हाच्या रंगाचं. वारा आला की अख्खा डोंगर कूस बदलतोय असं वाटतं. बैलगाडीच्या जुन्या वाटेनं आम्ही चढत होतो. चाकाखाली मुरूम करकरत होता. श्वास इतका मोठा व्हायचा की बाकीचं काही ऐकू यायचं नाही, आणि थांबलं की इतकं शांत, की आपलंच रक्त कानात वाजताना ऐकू यावं.

मी नेहमी पिंकीच्या मागं चालवते. तिचं जॅकेट पिवळंधमक आहे. ते डोळ्यांपुढं धरायचं आणि ती वळेल तसं वळायचं. ती दोघं म्हणायची, "शिवलीला, जा की पुढं, तुझ्यात दम हाय." मी म्हणायचे, मला मागंच बरं वाटतं. दोन वर्षांत असली कितीतरी उत्तरं मी तयार करून ठेवली होती. संध्याकाळी कुणी कुठं बोलावलं की डोकं दुखतंय. सिनेमागृहात जायचं असेल तर आपण आधीच जाऊन बसू. कुणाचा धक्का लागला की मीच वेंधळी. माणसाला खोटं बोलायची सवय लागली की ते स्वभावासारखं दिसायला लागतं.

माथ्यावर पोचल्यावर इंद्रजीतच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा निघाला. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, तेही सुटलं, पुन्हा लावलं. ती दोघं हसत होती, खाली दूरवर कालव्याचं पाणी चमकत होतं, आणि मी सूर्याकडं बघत होते. तो खाली उतरत होता. मी दोनदा म्हटलं, "चला ना आता." पिंकी म्हणाली, "अगं, अजून लई उजेड हाय की." तिच्यासाठी होता, तम्मा. आम्ही उतरायला लागलो तेव्हा आभाळ केशरी होतं, पण वाट डोंगराच्या सावलीत गेली होती. पिवळं जॅकेट आधी राखाडी झालं, मग एका वळणावर नाहीसंच झालं. मी ब्रेक दाबले आणि उतरले. तिच्या हसण्याचा आवाज खाली खाली जात राहिला. माझ्या भोवती कुणीतरी हळूहळू घोंगडी पांघरावी तसं झालं. वर आभाळाचा उजळ तुकडा दिसत होता, पण माझे पाय कुठं आहेत ते दिसत नव्हतं. एका बाजूला दरी होती. कोणत्या, ते मला आठवेना.

हाक मारायला हवी होती. मारली नाही. किती वेळ सायकल धरून तशीच उभी होते, सांगता येणार नाही. मग घुंगरांसारखं काहीतरी वाजू लागलं आणि पायांना उबदार, मऊ काहीतरी घासून गेलं. एक, दोन, मग चहूबाजूंनी. मेंढ्या होत्या. त्यांच्या अंगाला गवताचा, धुळीचा, दुधाचा वास येत होता. मागून बाईचा आवाज आला, "कोण हाय गं तितं? वाटंच्या मधीच उभी ऱ्हायलीस ती?" त्या आवाजाला चेहरा नव्हता. म्हणूनच असेल, मला खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "मावशी, मला दिसत नाही." ते वाक्य मी त्याआधी मोठ्यानं कधीच उच्चारलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते म्हटल्यावर काहीतरी कोसळेल. ती बाई फक्त म्हणाली, "मग सांगायचं न्हाय व्हय? ये हिकडं."

केराबाई तिचं नाव. तिनं माझी सायकल एका हातानं धरली आणि माझा हात घेऊन एका मेंढीच्या पाठीवर ठेवला. "ही म्हातारी हाय. हिला वाट पाठ हाय. हात काढू नगंस." आणि आम्ही उतरायला लागलो. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. बोटं लोकरीत रुतली होती. मेंढी थांबली की मी थांबायचे, ती उजवीकडं कलली की मीही. भोवती शंभरेक खुरांचा आवाज, पाऊस सुरू होताना पानांवर टपटप होतं तसा. केराबाई मधूनच मेंढ्यांना काहीतरी म्हणायची, मधूनच मला. "मला बी आता जवळचं दिसत न्हाय बग. सुई ववायची तर सुनंला हाक मारती. त्यात काय लाजायचं?" तुला खरं वाटणार नाही, पण त्या उतारावर मला अजिबात भीती वाटली नाही. ती वाट संपू नये असंही वाटलं.

पायथ्याजवळ बॅटऱ्यांचे दोन ठिपके धावत वर आले. पिंकी रडत होती आणि शिव्याही देत होती. "हाक मारायला काय झालं हुतं तुला?" इंद्रजीतनं केराबाईच्या हातातून सायकल घेतली. मग पिंकीच्या घरी चुलीपाशी बसून मी दोघांना सगळं सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं. मला समोरचं अजून लख्ख दिसतं, पण एखाद्या नळीतून बघावं तसं. औषध नाही. किती वर्षं लागतील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पिंकीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मला वाटलं, आता सकाळी ती दोघं मला पिकअपमध्ये बसवून परत आणतील. पण रविवारी उठले तेव्हा अंगणात तिन्ही सायकली पुसून उभ्या होत्या. बाहेर धुकं होतं. कालव्यावरून उठून ते उसात, केळीत, अगदी गोठ्यात शिरलं होतं. दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. डोंगरात नाही, पण कालव्याच्या काठानं रुंद कच्चा रस्ता जातो, त्यावर आम्ही निघालो. इंद्रजीत पुढून ओरडायचा, "डावीकडं खड्डा!" पिंकी मधून ओरडायची, "म्हस बसलीया!" आणि म्हैस खरोखरच दुधात बुडाल्यासारखी हळूच उगवायची आणि विरघळून जायची. त्या धुक्यात तिघांनाही सारखंच कमी दिसत होतं. मी कितीतरी दिवसांनी जोरात पॅडल मारलं. पापण्यांवर दव साचलं होतं, ओठ थंडीनं बधिरले होते, आणि पाणी कुठं आहे, जमीन कुठं संपते, कशाचाच पत्ता नव्हता. तरंगल्यासारखं वाटत होतं. मग ऊन आलं, शेणीच्या आगटीत हुरडा भाजला, आणि हात पोळत असताना आम्ही कशावर तरी इतकं हसलो, की कशावर ते आता आठवत नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. मला हे दिवाळीच्या आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का? मी म्हटलं, हो, अव्वा अप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी. ते म्हणाले, मग भावंडांचे डोळेही तपासून घ्या, लवकर. मी घरी आले आणि गप्प बसले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तू अंगणातल्या अजून न लावलेल्या पणत्यांच्या ताटात पाय घातलास, सगळे हसले, तूही हसलास, आणि तुझ्याबरोबर मीही हसले. तम्मा, ते हसू मी ओळखलं. ते माझंच होतं. तूही उत्तरं तयार करून ठेवली आहेस ना? काल फोनवर अव्वा आनंदानं सांगत होती की तुला बस चालवायची नोकरी लागली, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय, रात्रीची फेरी आहे. त्यानंतर मला झोप लागली नाही. अप्पांनी ही बातमी गावभर सांगितली असेल, आणि मी तुझ्या तोंडचा घास काढतेय असं तुला वाटेल. वाटू दे. कदाचित तुझे डोळे ठणठणीत असतील, मग मला आयुष्यभर चिडव. पण तपासल्याशिवाय तू त्या स्टिअरिंगवर बसायचं नाहीस. तुझ्यामागं चाळीस माणसं झोपलेली असतील. गुरुवारी सकाळी अकराची तुझी वेळ माझ्याच डॉक्टरांकडं घेतली आहे. नऊच्या गाडीनं ये, मी स्टँडवर उभी असेन. तपासणीला डोळ्यांत थेंब घालतात, नंतर चार तास सगळं धूसर दिसतं, म्हणून एकट्यानं परत जायचं नाही. त्या दिवशी मी रजा घेतली आहे. अव्वा-अप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. जे निघेल ते आपण दोघं मिळून, मैंदर्गीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून सांगू. नोकरीचं काय करायचं ते त्यानंतर बघू. तीन महिने गप्प राहिले, त्याबद्दल माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, पण येऊन रागाव.

तुझीच,
आक्का