नाकातून निघालेली गाठ

ती. ताईस,

उभ्या-उभ्याच नमस्कार. (वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, पाया पडल्याचं तूच समजून घे.) तुझी आणि दाजींची तब्येत कशी आहे? माझं विचारशील तर मी ठणठणीत आहे, असं सगळे मला सांगतात.

झालं असं, की मशीनवर बसलो की मला दोन सुया दिसायच्या आणि मी इमानाने तिसरीतच दोरा ओवायचो. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, तेव्हा ही मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पुढे पाठवलं आणि निघालं काय, तर कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे गाठ! पूर्वी म्हणे अशा गाठीसाठी डोकं उघडायचे आणि माणूस वाचला तरी बऱ्याचदा नजर जायची. आता नाकातून दुर्बीण घालतात, पडद्यावर बघत गाठ कोरून काढतात आणि आतल्या भोकाला मांडीच्या चरबीचं ठिगळ लावतात. (टाका कुठे दिसत नाही. शिंपी म्हणून मान्य करावंच लागतं.) शुद्धीवर आलो, काही दिवसांनी नर्सच्या हातातली सुई एकच दिसली आणि मला रडू फुटलं. तर नर्स ओरडली, "अहो, नाक ओढू नका, ठिगळ सुटेल!"

खरं दुखणं पुढेच. डोक्याला पट्टी नाही, केस जागच्या जागी. भेटायला आलेली माणसं फसवल्यासारखी बघायची. शेजाऱ्याने विचारलं, "सर्दीचं होतं का?" दुकानाच्या मालकांनी शिवायला गणवेशांचा गठ्ठा घरी पाठवला. आणि दाजी फोनवर म्हणाले, "नाकातून निघाली म्हणजे छोटीच असणार. उगाच घाबरवलंस." मागून तुझा आवाज आला, "मग आता जायला नको ना?" ताई, ऑपरेशन नाकाचं झालं, कानाचं नाही.

असो. सुखी राहा. यायची तसदी घेऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. दाजींना सांग, गाठ चांगली लिंबाएवढी होती.

आणखी एक. ती सगळी निघालेली नाही. रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा डॉक्टरांनी मुद्दाम ठेवलाय. ओढला असता तर मी टेबलावरच गेलो असतो. आता त्यावर किरण सोडणार. बहुतेकांना गुण येतो म्हणतात. हिला बोललो नाही, ती आत्ता कुठे झोपायला लागलीय. सोमवारी सुरू होतंय. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडतात. बाहेरच्या बाकावर आपलं कुणीतरी बसलेलं हवं गं. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण ये.