मैनाच्या पिल्लांचा शब्द

अहो,

ऐकताय ना? कंपनीतल्या प्रेस शॉपच्या आवाजाने तुमच्या कानांचं वाटोळं झालं होतं, म्हणून सवयीने विचारलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. जे काही बोलायचं ते मी तोंडावर बोलले. पण आज सकाळी तुमचे धाकटे बंधू येऊन गेले आणि माझं डोकं असं फिरलंय की कुणावर तरी ओरडल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. सोनल म्हणाली, "आई, माझ्यावर नको, पप्पांवर ओरड. त्यांनीच घोळ घातलाय." लेक तुमची, पण बोलली माझ्या मनातलं.

तर ऐका. बाळूभाऊजींनी तुमच्या लाडक्या कुत्रीसाठी स्थळ आणलंय! दिघीचा मुलगा आहे. काळाभोर, खात्यापित्या घरचा, आईबाप दोन्ही अस्सल लॅब्रॅडॉर. मोबाईलवर फोटो दाखवत होते, डावीकडून, उजवीकडून. पत्रिका तेवढी आणायची राहिली. "वहिनी, मैना माजावर आलीये, आता उशीर नको. रविवारी नर घेऊन येतो," म्हणाले आणि चहा पिऊन निघूनही गेले. मला कुणी विचारलं? मैनाला कुणी विचारलं?

आणि हे सगळं कुणामुळे? तुमच्यामुळे!

जो भेटेल त्याला पिल्लू कबूल करायची काय ही सवय? बसचा ड्रायव्हर, कॅन्टीनवाला, चाकणच्या चौकातला चहावाला, गॅरेजवाले सय्यदभाई. सगळ्यांना एकच वाक्य, "पहिलं पिल्लू तुझं, राव!" अहो, पहिलं पिल्लू एकच असतं ना? परवा भाजी घेताना एक अनोळखी माणूस थांबला, तुमच्यासाठी हळहळला आणि जाता जाता म्हणाला, "ताई, ते पिल्लाचं तेवढं लक्षात ठेवा."

पण नुसता शब्द असता तर मी एकेकाला वाटेला लावलं असतं. तुम्ही त्यावर कावळ्याचा शिक्का मारून घेतलात!

दहाव्याला आळंदीच्या घाटावर तुम्ही जो छळ मांडलात तो मी जन्मात विसरणार नाही. पिंड ठेवलेला, ऊन डोक्यावर आलेलं, समोरच्या झाडावर कावळे ओळीने बसलेले, आणि एक खाली येईल तर शपथ. सगळे हात जोडून तुमची इच्छा शोधत होते. मामा म्हणाले, "सोनलचं लग्न थाटात करू." नाही. आत्याबाई म्हणाल्या, "गावच्या घराचे पत्रे बदलू." नाही. मग बाळूभाऊजी पुढे झाले, "दादा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही." तरी ढिम्म! अहो, माझ्या नावावर तरी जरा मान हलवायचीत! मी तिकडे बायकांत बसून रडत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी रडू थांबून राग आला.

आणि शेवटी भाऊजी काय बोलले? तर मैनाच्या पिल्लांचं. झालं! आला कावळा, घेतला घास. सगळे सुटल्यासारखे उठले, "दादाचा जीव पिल्लांत अडकला होता" म्हणत. तेव्हापासून ती पिल्लं म्हणजे तुमची अंतिम इच्छा झालीये. मी नाही म्हटलं तर मीच तुमच्या आत्म्याची वैरीण.

आता डॉक्टर मॅडमचं ऐका. मैना सात वर्षांची झाली, एकदाही व्याली नाही. मागच्या पायांचे खुबे झिजलेत. एक्स-रे काढला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काकू, या वयात पहिली खेप म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि हे खुब्यांचं दुखणं पिल्लांतही उतरू शकतं. माझं ऐकाल तर माज उतरल्यावर काही दिवसांनी पिशवी काढून टाकू." मी भाऊजींना हे सांगितलं, तर म्हणतात, "डॉक्टर तसंच बोलतात. गावाकडच्या कुत्र्या काय दवाखान्यात वितात का?" वर ऐकवलं, "दादाचा शब्द मोडायचा का, वहिनी?" यावर काय बोलायचं? गप्प बसले मी. मी! विश्वास बसतोय का?

गप्प बसले त्याचं आणखी एक कारण आहे. तेही सांगून टाकते.

मलासुद्धा एक पिल्लू हवं होतं. संध्याकाळी सुटलेल्या शिफ्टच्या बसेस मोशीच्या चौकात येऊ लागल्या की मैना अजून फाटकाशी जाऊन बसते. पाय दुखतात, तरी जाते. एकेक बस जाते, ती मान वर करते, पुन्हा खाली घालते. मी आत ओट्याशी उभी असते, पण कान तिकडेच. उद्या ही गेली तर तुमची वाट बघणारं माझ्याशिवाय कोण राहील? निदान तिचं एखादं पोर तरी असावं, असं वाटतं हो. फार वाटतं.

भाऊजी गेल्यावर मी हे सोनलला बोलले. तिने मोबाईल काढला आणि घाटावरचा व्हिडिओ लावला. तिच्या चुलतभावाने काढलेला होता. असल्या वेळी व्हिडिओ काढतात म्हणून मी तेव्हा त्याच्यावर डाफरले होते. आज त्या पोराला लाडू करून घालणार आहे.

"नीट बघ, आई," ती म्हणाली.

भाऊजी हात जोडून पुढे येतात. "दादा, आपल्या मैनाची..." एवढंच म्हणतात, आणि कावळा खाली! लोक ओरडतात, "शिवला, शिवला!" त्या गोंधळात भाऊजी उरलेलं वाक्य पुरं करतात, "पिल्लं काढू, सगळ्यांना वाटू!" तोवर कावळा घास घेऊन झाडावर परत बसलेला!

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लावला. पिल्लांचं नाव निघायच्या आधीच तुम्ही येऊन गेलात. तुम्हाला फक्त मैनाचं नाव ऐकायचं होतं. आपल्यामागे तिचं कोण करणार, एवढाच घोर होता ना?

मग बाकीचंही आठवलं. दरवेळी ती माजावर आली की तुम्ही रजा टाकून काठी घेऊन फाटकात बसायचात. गल्लीतल्या एका कुत्र्याची हिंमत नव्हती आत यायची. कुणी नर सुचवला की, "पुढच्या खेपेला बघू." सगळी वर्षं पुढच्या खेपेवर काढलीत! तुम्हाला पिल्लं नकोच होती. तिला काही झालं तर, या भीतीने तुमचा जीव जात होता. पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणवेल तर ते तुम्ही कसले? तुमचे सगळे नकार आता मी देत बसायचे!

देते. पहिला नकार भाऊजींना दिला. फोन करून सांगितलं, रविवारी नर आणायचा नाही, डॉक्टर मॅडमचंच ऐकायचं. "पण दादाची इच्छा..." म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, व्हिडिओ पाठवलाय. आधी बघा, मग बोला." बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला. "वहिनी, दवाखान्यात न्यायच्या दिवशी मला बोलवा. तिला उचलायला माणूस लागेल." वाईट नाहीत हो ते. त्यांनाही तुमचंच काहीतरी हवं होतं.

आता माझा शब्द घ्या. वर्षश्राद्धाला मी मैनाला गाडीत घालून घाटावर आणणार आहे. कुणाला काही बोलू देणार नाही, मीच बोलेन. तिच्यावर पिल्लांचा भार टाकणार नाही आणि शेवटपर्यंत तिला एकटी सोडणार नाही, एवढंच सांगेन. पटलं तर लगेच या. नसेल पटलं तर बसा झाडावर रुसून. आम्ही दोघी उठणार नाही. तुमची वाट बघायची आम्हाला सवय आहे.

तुमची,
अजून चिडलेली,
मंगल