उडवीवरल्या दोन ओळी

कडाव, २८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुंदरास पोपटदादाचे अ. उ. आ.

तू माझा फोन ब्लॉक केलास, म्हणून टपाल. पण भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तसंच टाकून, लेकाला घेऊन तरातरा निघून गेलीस, ही कुठली रीत?

पोराला काही झालेलं नाही म्हणालो, त्यात मी काय खोटं बोललो? गेल्या मार्गशीर्षात मनोज आमच्या खळ्यात भाताचे भारे रचून उडवी घालताना तिच्या माथ्यावरून घसरला, डोक्यावर पडला, हे खरं. पण त्याच दिवशी कर्जतला सीटी स्कॅन केला ना? हाड शाबूत, रक्तस्राव नाही. आणि भाऊबीजेला भेंड्यांना बसलो तर शाळेतल्या कविता कशा धडाधड म्हटल्या पठ्ठ्याने! मला आपला शाळेचा ओटा आठवला, चिंचेची सावली, गुरुजींची टिचकी. डोकं बिघडलं असतं तर आधी कविता सांडल्या नसत्या? तो पडला तेव्हा मी तिथे होतो, म्हणून त्याच्या कंपनीतून, रसायनीहून, साहेबांचा फोन आला. त्यांनाही हेच सांगितलं, की भाचा ठणठणीत आहे, कामाचा कंटाळा आलाय.

राग गिळ. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा, पोपटदादा

•

खालापूर, ३ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार लिहायची रीत हाय म्हणून लिहिते.

ठणठणीत? दूध गॅसवर ठेवतो नि विसरून अंगणात जातो. समीक्षाला तेच तेच विचारतो, बिचारी बायको उत्तर देते तर ताट भिरकावतो. मुंगीवर पाय न देणारा माझा मनोज! कंपनीत चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, म्हणून घरी बसवलाय. आजारी म्हणून हलकं काम द्यायचं का कामचुकार म्हणून काढायचं, हे महिनाअखेर ठरणार. नि साहेब म्हणतात, सख्खा मामाच सांगतो की नाटक हाय.

पनवेलच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. सीटीत हाड नि मोठा रक्तस्राव दिसतो, बारीक इजा सुटू शकते, असं ते म्हणाले. माझ्या लेकाची भाकरी तू भेंड्यांवर लावलीस रं. तुला गडी मिळत नव्हता म्हणून तूच त्याला उडवीवर चढवलास. आता बस कवितेत डोलत.

सुंदरा

•

कडाव, ७ नोव्हेंबर

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तोंड फार सुटलंय तुझं. माणसाला नळकांड्यात घालायचं, घरघर ऐकवायची नि काळेपांढरे फोटो काढायचे, ही परीक्षा? आमच्या वेळी शाळेत तपासनीस यायचे, कविता म्हण म्हणायचे, की पोर आरपार दिसायचं.

एमआरआयच्या दिवशी मी घरी येतोच. कुठल्याही पुस्तकात नाहीत अशा दोन ओळी रचल्यात:

उडवीवरल्या पाखरा, उतर जरा जपून,
खळ्यात तुझी वाट बघे सांज उभी लपून.

मनोजकडून पाठ करून घेईन, चहा झाला की परत विचारीन. म्हणाला, तर नाटक आहे हे तू कबूल करायचंस. नाही म्हणाला तर... तसं होणारच नाही. आपल्या घरातलं पोर आहे.

चहात आलं घाल. भांडण भांडणाच्या जागी.

पोपटदादा

•

खालापूर, २ डिसेंबर

ती. दादास,

परीक्षा घेतलीस ना? ओळी त्याने तेव्हाच्या तेव्हा घडाघडा म्हटल्या, तू माझ्याकडं बघून मिशीत हसलास. चहा झाल्यावर विचारलंस, तर कुठली कविता, नि मामा तुम्ही कधी आलात, म्हणाला. मग तू चप्पल शोधत बसलास. पायातच होती.

रिपोर्ट आलाय. कपाळामागं नि आत खोल काळे ठिपके हायत, खसखस सांडल्यागत. हिसक्याने मेंदूतले बारीक धागे तुटले, असं डॉक्टर म्हणाले. जुनं पाठ केलेलं राहिलं, नवं टिकत नाय, राग आवरत नाय. किती भरून येईल ते फोटोवरून सांगता येत नाय.

तू रसायनीला गेलास, ते समीक्षाला कंपनीतून कळलं. ठणठणीत हाय असं तुम्हीच सांगितलंत, असं साहेबांनी तोंडावर ऐकवलं. तर तू त्यांना, तेव्हा मी कवितेवरून बोललो, तुम्ही आता फोटोवरून बोला, असं म्हणालास नि खुर्चीवरून उठेनास. मनोजला स्टोअरमधी हलकं काम दिलंय. म्हणून माफ केलं असं समजू नकोस. यंदा तुझ्या उडवीला आमच्यातलं कोणी येणार नाय. लोभ असावा वगैरे तू लिही, मी लिहिणार नाय.

सुंदरा

ता. क. रोज काहीतरी पाठ करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. समीक्षा तुझ्या त्या दोन ओळीच घेते. त्याला त्या रोज नव्या वाटतात. रोज हसतो नि विचारतो, लय भारी हाय गं, कोणाची?

मी तुझं नाव अजून सांगितलं नाय.