लाजाळूची दुसरी कुंडी

रायपूर, मंगळवार संध्याकाळ

आज जेवण गेलं नाही. नात पिंकी युनिव्हर्सिटीत झाडांचं शिकते. रोज शिवलं की लाजाळू मिटायची थांबते का, हे तिले पाहायचं होतं. एका कुंडीले ती रोज हात लावे, दुसरीले कोणीच लावायचा नाही. मले करमते का? ती गेली की मी दुसरीलेच बोट लावत होती अन् तिले म्हणत होती, "घुंगट घे वो, सासरा आला."

आज दोन्ही कुंड्या सारख्याच निघाल्या. सर म्हणाले, सारं पुन्हा कर. पिंकी रडून राहिली होती.

"आजी, मेरी ही गलती होगी. सर को बोली मैं, मेरी आजी दूसरा गमला किसी को छूने नहीं देती."

मी "हव" म्हटलं. काहून म्हटलं? अन् त्याच बोटानं तिचे डोळे पुसले.