घाटात उकळणारी गाडी

अरिल्ये, १६ जून १९८४

चि. ल्युबिंका हिला विलोतियेकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला कारण गाडी. माझी तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच आहे, रास्पबेरी यंदा चांगली धरली आहे; हे सगळं पत्रात आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं कारण गाडी. ती उकळते.

तुझी कोसाराकाकू फेब्रुवारीत गेली, तेव्हापासून दर शनिवारी मी ब्रेझाकच्या डोंगरावर तिला मेणबत्ती लावायला जातो. सासूच्या शेजारी मी कायमची पडून राहणार नाही, माझ्या माहेरीच पुरा, असं तिने लग्नाच्या वर्षीच बजावून ठेवलं होतं. त्या डोंगरावर बस जात नाही. एप्रिलपर्यंत गाडी निमूट चढली. मेपासून मात्र तिसऱ्या वळणावर काटा लाल रेघेला टेकतो आणि झाकणातून वाफ फुसफुसते. मग मी गाडीतला हिटर पूर्ण सोडतो, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता माझ्या अंगावर येते. जूनमध्ये, काळ्या कोटात, हिटर लावून बसलेला म्हातारा पाहून परवा एका मेंढपाळाने क्रूसाची खूण केली.

आमचा रातको बेलग्रेडहून आला की एकच घोकतो, की बाबा, चौऱ्याहत्तरी झाली, किल्ली माझ्याकडे द्या. मी म्हटलं, आधी माझ्या पुतणीला विचारतो. ती इटलीत तोरिनोला गाड्यांचे रेडिएटर आखते. मी चार यत्ता शिकून जन्मभर पिंपं बांधली. पिंपात पाणी राहिलं की आमचं काम झालं, ते उकळायचं केव्हा हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. शेजारचे ओब्राद मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेका म्हणतात. फेकू का?

गाडी गेली तरी पुतणी हातची जाऊ नये, एवढं मागणं.
तुझा,
विलोतियेकाका

तोरिनो, २७ जून १९८४

ती. विलोतियेकाकांना ल्युबिंकाचा सा. नमस्कार.

थर्मोस्टॅट फेकू नका! ओब्राद मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या हातातला पाना काढून घ्या. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट पाण्याची वाट अडवतो आणि तापलं की सोडतो. तो बाहेर काढून पातेल्यातल्या पाण्यात टाका. उकळी यायच्या आत उघडला तर निर्दोष आहे. धुऊन पुसून परत बसवा.

पंखाही बघा. इंजिन चालू ठेवून पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरा. पंखा हवा ओढत असेल तर पान चिकटून राहील.

आम्ही इथे रेडिएटर आखताना सगळ्यात उकाड्याचा दिवस, सगळ्यात उभा चढ आणि गाडीत पाच माणसं, असा हिशेब धरतो. त्या हिशेबाच्या वर थोडी जास्त जागा ठेवतो. ती कशाला, असं मी पहिल्याच दिवशी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की ती गाडी चालवणाऱ्याच्या चुकांसाठी. मला तेव्हा तुम्हीच आठवलात. रागावू नका.

गुडघ्याला जपा, आणि माझ्यावरची माया काट्यासारखी वर-खाली होऊ देऊ नका.
आपली,
ल्युबिंका

अरिल्ये, १२ जुलै १९८४

चि. ल्युबिंकास काकाचे आशीर्वाद.

पातेलं सापडलं नाही म्हणून थर्मोस्टॅट कॉफीच्या भांड्यात उकळला. तो उघडला. निर्दोष निघाला, पण तेव्हापासून माझी कॉफी दोषी झाली आहे. रोज सकाळी कपातल्या वासाने बसस्टँडवर उभं राहिल्यासारखं वाटतं.

वर्तमानपत्राचं पान तीनदा धरलं, तीनदा खाली पडलं. मला वाटलं बातम्या जड आहेत, म्हणून खेळाचं पान घेतलं, तेही पडलं. मग ओब्राद मिस्त्रींनी भंगारातून दुसरा पंखा आणून बसवला, पट्टाही नवा घातला. पाण्याचा पंप मी माझ्याच डोक्याने बदलायला लावला. एवढं झाल्यावर मिस्त्री म्हणाले, की विलोतिये, आता या गाडीत जुने फक्त तुम्हीच उरलात.

शनिवारी परत उकळली. तिसऱ्याच वळणावर.

११ ऑगस्टला कोसाराला सहा महिने होतात. थडग्यापाशी प्रार्थना आहे, सगळे नातेवाईक येतील. रातकोने शब्द घेतला आहे, की त्या दिवशी मी आपल्या गाडीने वर पोचलो तर तो पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही. उकळली तर किल्ली तिथेच, आईच्या साक्षीने, त्याच्या हातात द्यायची. मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं आणि रात्रभर जागा राहिलो. किल्ली गेली तर दर शनिवारी मला वर कोण नेणार? त्याला तर महिन्यातून एकदा फोन करायला वेळ नसतो.

लवकर लिही. आशीर्वाद तुला कळवायला उशीर झाला तरी पोचतात, सल्ला मात्र वेळेत लागतो.
तुझा,
विलोतियेकाका

तोरिनो, २४ जुलै १९८४

ती. काकांना सा. नमस्कार.

आता काहीही बदलू नका. नवा पंखा बसवल्यावर पान पुन्हा धरून पाहिलंत का? नसणारच. मला वाटतं, पंखा जुनाही बरा होता. हवाच आत येत नसावी.

आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो मी तुम्हाला पहिल्याच पत्रात विचारायला हवा होता. हीच गाडी गेल्या उन्हाळ्यात हाच घाट चढत होती. तेव्हापासून काय बदललं? आणि काही उघडू नका. गाडीच्या तोंडासमोर स्टूल ठेवून बसा आणि नुसतं बघा. तुम्हाला नुसतं बसणं जमत नाही हे ठाऊक आहे, पण काकूसाठी बसा.

११ तारखेला मी इथे मेणबत्ती लावीन. आठवण ठेवा, मी ठेवतेच.
आपली,
ल्युबिंका

अरिल्ये, १२ ऑगस्ट १९८४

चि. ल्युबिंकास अनेक आशीर्वाद.

पत्र जाड आहे म्हणून दचकू नकोस. शेवटी कळेल.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी रागाने उत्तर लिहायला बसलो होतो, की काहीही बदललेलं नाही. तुझी काकू शेजारच्या सीटवर नाही एवढंच, आणि त्याने तर गाडी हलकीच झाली. हे वाक्य कागदावर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग स्टूल घेऊन बाहेर गेलो.

ते स्टूल कोसाराचं. हिवाळ्यात गार वारा इंजिनाला तापू देत नाही, म्हणून आपल्याकडे जाळीमागे पुठ्ठा बांधतात, हे तुला मी काय सांगावं. आमच्या घरी नोव्हेंबरात संत दिमित्रींच्या सणाला तो बांधायचा आणि मेच्या सुरुवातीला संत जॉर्जच्या सणाला काढायचा. बांधायची ती, काढायची ती. मी मागे उभा राहून घट्ट ओढ, उजवीकडे घे, असं सांगायचो, आणि लोकांना सांगायचो की गाडीचं सगळं मी बघतो. यंदा संत जॉर्ज आले आणि गेले. पुठ्ठा कोणी काढायचा?

जाळीच्या फटीतून तारेचे चार पीळ दिसले. डाव्या हाताने दिलेले. ती डावखुरी होती. आत पुठ्ठा, गाडीला शोभावा म्हणून तिने बाहेरून काळा रंगवलेला; म्हणून मला इतके दिवस नुसता अंधार दिसला. थर्मोस्टॅट, पंखा, पट्टा, पंप, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. तुझ्या साहेबांना सांग, चुकांसाठी ठेवलेली जागा माझ्यासारख्याला पुरत नाही, वाढवा.

पुठ्ठा सोडवला आणि काल वर गेलो. रातको मागून त्याच्या गाडीत, मांडीवर पाण्याची बादली घेतलेल्या बायकोसह. काटा मध्यावरून हलला नाही. वर पोचल्यावर गप्प बसलो असतो तर हुशार ठरलो असतो, पण तिच्या नावाचे उकडलेले गहू वाटताना सगळं सांगून टाकलं. पाद्रीबाबा हसले, ओब्राद मिस्त्रींना ठसका लागला. रातको हसला नाही. तो म्हणाला, की आई असेपर्यंत मलाही कधी कळलं नव्हतं की गाडी तीच चालवते. किल्ली त्याने मागितली नाही. पुढच्या शनिवारी मी पण येतो, म्हणाला.

आता हे पत्र उलटून बघ. काळा रंग दिसेल. हा तोच पुठ्ठा. कडेला पेन्सिलीच्या रेघा आहेत. बांधताना ती एक उभी रेघ मारायची, काढताना तीवर आडवी. नऊ फुल्या तिच्या आहेत. दहावी उभी रेघ तिची, तीवरची वाकडीतिकडी आडवी रेघ माझी.

वाचून झालं की पुठ्ठा परत पाठव, संत दिमित्रींच्या आधी पोचला पाहिजे. यंदा मी बांधणार आहे. तार डावीकडेच पिळेन. मागे उभं राहून चुका काढायला कोणीतरी लागेल, तर तू सुट्टी काढून ये.
तुझा,
विलोतियेकाका